दाण्याचं कूट आणि दिवाळीचा डबा

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आठवडाभर आधी माझी आई सांगलीहून आमच्याकडे लीड्सला आली. रमा एकादशीला तिचा उपवास होता. माझ्या लेकीला शेंगदाणा, काजू आणि पिस्ता यांची ॲलर्जी आहे, त्यामुळे आमच्या घरात एरवी दाणे येत नाहीत. पण आईने कूट न घातलेली खिचडी खावी हे मला बघवेना. मूठभर दाणे मीच आणले. लेक शाळेत असताना आईने ते भाजले, मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात कूट केलं, खिचडी खाल्ली आणि भांडं गरम पाण्याने, साबण लावून दोनदा घासून ठेवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही नारळाच्या वड्या केल्या. खोबरं, साखर, दूध, वेलदोडे, बस. वेलदोडे चमचाभर साखरेबरोबर त्याच भांड्यात फिरवले.

लेकीने दीड वडी खाल्ली. पाचेक मिनिटांत ओठ चुरचुरतोय म्हणाली. मग गळ्यावर गांधी उठल्या, एक उलटी झाली आणि आवाज घोगरा व्हायला लागला, तेव्हा मी तिच्या मांडीत ॲड्रेनालिनचं पेन टोचलं आणि ९९९ ला फोन केला. रात्र रुग्णालयात गेली. सकाळी ती उड्या मारत घरी आली. आई मात्र दोन दिवस स्वयंपाकघरात फिरकली नाही. "मी घासून घेतलं होतं गं," एवढंच म्हणत राहिली.

घासलं होतंच. मी नंतर त्या भांड्याचं पातं पान्याने उघडलं. खालच्या रबरी वॉशरच्या कडेला भुरकट लगद्याची एक बारीक रेघ होती. तपासायला प्रयोगशाळा लागणार नव्हती, वासच सांगत होता. मी दिवसभर प्रथिनांच्या रचनेवर काम करते आणि माझ्या घरातलं वॉशर मला सुचलं नव्हतं.

दिवाळी जवळ आली की मला दरवर्षी चार-पाच जणींचे निरोप येतात. शाळेत वाटायला कोणता खाऊ द्यावा, कोणती मिठाई चालेल, चिक्कीला पर्याय काय. या वेळी सगळं एकदाच लिहून काढते आहे.

किती कूट पुरतं?

शेंगदाण्याच्या ॲलर्जीत शरीर दाण्यातल्या काही प्रथिनांना शत्रू समजतं आणि त्यांच्याविरुद्ध 'आयजीई' जातीची प्रतिपिंडं बनवून ठेवतं. ही प्रतिपिंडं मास्ट पेशींच्या पृष्ठभागावर चिकटून बसलेली असतात. एकाच प्रथिनाने शेजारशेजारच्या दोन प्रतिपिंडांना धरलं की पेशी आपल्याकडचा हिस्टामाइनचा साठा ओतून मोकळी होते. एवढ्या यंत्रणेला चालू करायला फार मोठी मात्रा लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञगटाने काही वर्षांपूर्वी यासाठी संदर्भमात्रा सुचवल्या. ॲलर्जी असलेल्या शंभर जणांपैकी साधारण पाच जणांना ज्या मात्रेला डोळ्यांना दिसेल अशी लक्षणं येतील, ती ही मात्रा. शेंगदाण्यासाठी ती आहे २ मिलीग्रॅम प्रथिन. काजू, पिस्ता, अक्रोड, बदाम यांच्यासाठी १ मिलीग्रॅम. दाण्यात साधारण पाव भाग प्रथिन असतं, म्हणजे २ मिलीग्रॅमसाठी ८ मिलीग्रॅम कूट पुरे. एक चिमूट मीठ सुमारे ३०० मिलीग्रॅम भरतं. त्याच्या चाळिसाव्या भागाइतकं हे कूट झालं. आमच्या वॉशरखाली याच्या कितीतरी पट होतं.

आता नेहमीचा प्रश्न. "अगं पण आपण तर ते भाजतो, उकळत्या पाकात घालतो, मरत नाही का ते?" मरायला ते जिवंत नाही. जंतू उष्णतेने मरतात, प्रथिनाची फक्त घडी मोडते आणि तीही मोडलीच तर. शेंगदाण्यातलं सगळ्यात त्रासदायक प्रथिन 'अरा एच २' या नावाने ओळखलं जातं. ते आकाराने लहान आहे आणि त्याची घडी गंधकाच्या चार बंधांनी आतून टाचून ठेवलेली आहे. गोधडीला धावदोरा घातलेला असावा तशी. चिक्कीचा पाक दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, तरी हे टाके सुटत नाहीत. पोटातल्या पाचकरसालाही ते सहज दाद देत नाही. उलट कोरडं भाजताना दाण्यातली शर्करा आणि प्रथिनं यांची जी अभिक्रिया होते (खमंग वास आणि तांबूस रंग त्यातूनच येतो), तिच्यामुळे प्रतिपिंडं काही प्रथिनांना जास्तच घट्ट धरतात असं प्रयोगांत दिसलं आहे. उकडलेल्या शेंगांत काही प्रथिन पाण्यात उतरतं, म्हणून ती प्रतिक्रिया थोडी कमी. पण याचा अर्थ उकडलेल्या शेंगा ॲलर्जीवाल्याला चालतात असा कुणी घेऊ नये.

तेलाचं प्रकरण वेगळं आहे, आणि आपल्याकडे शेंगदाणा तेल घरोघर असल्यामुळे सांगायला हवं. ॲलर्जी प्रथिनाची असते, स्निग्धांशाची नाही. १९९७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या ६० जणांना रिफाइंड आणि कच्चं अशी दोन्ही शेंगदाणा तेलं दिली. रिफाइंड तेलाने एकालाही काही झालं नाही, कच्च्या तेलाने ६ जणांना झालं. रिफाइंड करताना प्रथिनं जवळजवळ निघून जातात. सध्या लाकडी घाण्याच्या तेलाचं कौतुक आहे, भारतातून येताना लोक बाटल्या घेऊन येतात. ते अगदी याच कच्च्या वर्गातलं. त्यात तळलेली चकली किंवा शंकरपाळी 'दाणे नसलेली' म्हणून कुणाला देऊ नका.

"ड्रायफ्रूट अजिबात नाही घातलं हं"

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं आहे त्याची गणती नाही, आणि ते म्हणणारी प्रत्येक जण खरं बोलत होती. अडचण शब्दांची आहे. इंग्रजीतल्या 'नट' या शब्दात शेंगदाणाही येतो, काजू-बदामही येतात. वनस्पतिशास्त्राला ते मान्य नाही, शेंगदाणा हा तूर-हरभऱ्याचा भाऊबंद, पण रोजच्या भाषेत तो नटच. मराठीत असा एक शब्दच नाही. आपण 'सुका मेवा' किंवा 'ड्रायफ्रूट' म्हणतो. त्यात बेदाणे, खारीक, अंजीर येतात, ज्यांचा या ॲलर्जीशी संबंध नाही, आणि शेंगदाणा मात्र येत नाही. तो गरिबाघरचा, तो कसला मेवा! त्यातून कूट झालं की तो पदार्थही उरत नाही. भाजीला दाटपणा यावा म्हणून, लाडू वळले जावेत म्हणून, पुरणाच्या जोडीच्या कटात, तिळाच्या वडीत कूट पडतं आणि पाककृती विचारली तर तोंडी यादीत येत नाही. जशी आपण मिठाची दखल घेत नाही तशी.

म्हणून मी आता 'नट आहेत का' असं विचारत नाही. एकेक नाव घेते. शेंगदाणा, कूट, काजू, पिस्ता, बदाम, अक्रोड, चारोळी, गोडंबी. समोरची हसते, मग तिसऱ्या-चौथ्या नावाला थांबून म्हणते, "अय्या, चारोळी आहे की गं."

चारोळीवर जरा रेंगाळते, कारण ती फक्त आपल्यासारख्यांचीच अडचण आहे. युनायटेड किंग्डमच्या कायद्यात १४ ॲलर्जीकारक पदार्थांची यादी आहे. त्यात शेंगदाणा वेगळा आहे, तीळ आहे, मोहरी आहे, आणि झाडावरच्या 'नट'मध्ये आठ नावं दिली आहेत: बदाम, हेझलनट, अक्रोड, काजू, पेकन, ब्राझील नट, पिस्ता आणि मॅकाडेमिया. चारोळी त्यात नाही, कारण यादी करणाऱ्यांच्या स्वयंपाकघरात ती नव्हती. पण वनस्पतींच्या वर्गीकरणात चारोळी, काजू, पिस्ता, बिब्बा आणि आंबा ही सगळी एकाच कुळातली झाडं आहेत. काजू आणि पिस्त्याची प्रथिनं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती आहेत की एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याची बहुतेक असतेच. डिंकाच्या लाडवात घालतात ती गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर, तीही या कुळातलीच. (आंब्याचं घाबरू नका, आपण त्याचा गर खातो, कोय नाही.) त्यामुळे काजूची ॲलर्जी असलेल्या मुलाला चारोळी किंवा गोडंबी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये असं माझं मत आहे. आणि पाकिटावर ती ठळक अक्षरांत छापलेली सापडणार नाही. कायदा यादीतल्या पदार्थांना ठळक करायला सांगतो. बासुंदीच्या नाहीतर श्रीखंडाच्या पाकिटावर चारोळी असलीच तर साध्या अक्षरांत, 'चिरोंजी' या हिंदी नावाने असेल. पूर्ण यादी वाचावीच लागते.

उलटही होतं. नारळ या यादीत नाही आणि त्याची ॲलर्जी विरळ आहे. जायफळाच्या इंग्रजी नावात नट असलं तरी ते नट नाही. शिंगाड्याचंही तसंच. एका मैत्रिणीने केवळ नावामुळे चार वर्षं मुलाला खोबरं दिलं नव्हतं. चार वर्षं मोदकाविना.

दुकानातलं

इथल्या दुकानातली बंद पाकिटं वाचायला सोपी आहेत, फक्त एक गोष्ट माहीत हवी. घटकांची यादी कायद्याने सक्तीची आहे. 'यात नट असू शकतात' ही सूचना ऐच्छिक आहे. कुणी सूचना छापली नाही याचा अर्थ कारखान्यात नट नाहीत असा होत नाही, आणि छापली म्हणजे धोका नेमका किती तेही कळत नाही. चॉकलेटच्या पाकिटांवर ती जवळजवळ सगळीकडे दिसते, आणि त्यामागे निव्वळ कायदेशीर घाबरटपणा नाही. चॉकलेटच्या यंत्रांना पाणी चालत नाही. थोडंसं पाणी गेलं तरी चॉकलेट घट्ट होऊन बसतं आणि ओल राहिली तर साल्मोनेलासारख्या जंतूंची भीती. म्हणून आधीच्या घाण्यातलं हेझलनट काढायला नळ्यांतून नवं चॉकलेट किंवा कोको बटर ढकलतात. म्हणजे पुन्हा आमच्या मिक्सरचीच गोष्ट, फक्त वॉशर मोठं. याला खरा उपाय म्हणजे नटांना कारखान्याचं दार बंद करणं किंवा मधे भिंत घालणं. नॉरफोकमधल्या किनर्टन या कंपनीने तसं केलं होतं, नटांचा विभाग तोडून वेगळा केला. मुलांच्या ॲडव्हेंट कॅलेंडरमुळे अनेक घरांना ते नाव ओळखीचं आहे. आणखी एक, एकाच चॉकलेटचा मोठा बार आणि छोटी आवृत्ती वेगवेगळ्या ठिकाणी बनत असू शकते. मोठ्याचं पाकीट वाचलं म्हणून छोटं बिनधास्त देऊ नये.

मिठाईच्या दुकानात गणित बदलतं. २०१६ च्या जुलैमध्ये नताशा एडनान-लापरूज ही १५ वर्षांची मुलगी हीथ्रोवर घेतलेलं सँडविच खाऊन विमानातल्या तीव्र प्रतिक्रियेनंतर गेली. पावाच्या पिठात तीळ होते आणि वेष्टनावर तसं लिहिलेलं नव्हतं, कारण दुकानातच बनवून बांधलेल्या पदार्थाला तेव्हा ते बंधन नव्हतं. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून 'नताशाज लॉ' लागू झाला. आता दुकानाने आधीच भरून ठेवलेल्या मिठाईच्या खोक्यावर सगळे घटक छापलेले हवेत. पण काचेच्या कपाटातून "अर्धा किलो मिक्स द्या" म्हणून घेतलेली मिठाई यात येत नाही. तिच्याबद्दल दुकानाने १४ पदार्थांची माहिती द्यायची असते, ती तोंडीही चालते. आणि माहिती बरोबर असली तरी चिमटा एकच असतो. काजूकतलीवरून म्हैसूरपाकावर, तिथून पेढ्यावर. आमच्याकडे सुटी मिठाई पूर्ण बंद आहे.

त्याहून वाईट म्हणजे घटक बदललेला असतो आणि गिऱ्हाइकाला सांगितलेलं नसतं. नॉर्थ यॉर्कशरमध्ये २०१४ साली एका भारतीय उपाहारगृहात बदामाच्या भुकटीऐवजी शेंगदाणा असलेली स्वस्त भुकटी वापरली गेली. नट नको असं सांगूनही ती एका गिऱ्हाइकाच्या ताटात गेली आणि त्याचा जीव गेला. मालकाला २०१६ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. महाग दाण्याच्या जागी स्वस्त दाणा, ही युक्ती आपल्या मिठाईवाल्यांना कुणी शिकवायला नको. आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तर फूड स्टँडर्ड्स एजन्सीने शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांना मोहरी घातलेलं काहीच खाऊ नका असं सांगितलं, कारण भारतातून आलेल्या मोहरीत शेंगदाणा मिसळलेला सापडला. सॉसपासून सँडविचपर्यंत पदार्थ परत मागवले गेले. या एजन्सीचे ॲलर्जीचे इशारे ईमेलने फुकट मिळतात. या देशात ॲलर्जीवालं मूल असेल तर आजच नाव नोंदवा.

भारतातून आलेल्या पाकिटांबद्दल एक. भारताच्या २०२० च्या नियमांनुसार शेंगदाणा आणि नट जाहीर करावे लागतात, तीळ आणि मोहरी नाही. शेंगदाण्याच्या जोडीला तिळाची ॲलर्जी असलेली मुलं कमी नाहीत. त्यांच्यासाठी सुटकेसमधून आलेली राजगिऱ्याची वडी आणि इथल्या दुकानातली वडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि मंडळातला खाऊ. गणपतीला, पाडव्याला प्रत्येक जण घरून काहीतरी करून आणतं. क्वचित, हौसेने केलेल्या अशा पदार्थांना व्यवसायाचे नियम लागू होत नाहीत, तिथे कायदा मदतीला येत नाही. आमच्या गावच्या मंडळात गेल्या वर्षीपासून प्रत्येक पातेल्यासमोर एक कार्ड ठेवतात, त्यावर करणारीने कूट, काजू, चारोळी, तीळ यांपुढे खुणा करायच्या. लेक तरीही तिथलं खात नाही, तिचा डबा वेगळा असतो. कारण पळी एका पातेल्यातून दुसऱ्यात जाते. पण त्या कार्डामुळे तिला कुणी आग्रह करत नाही, आणि मला त्यातच सुख आहे.

घरी करायचं तर

आपल्या परंपरेतली सगळ्यात निर्धोक गोळी कोणती, याचा विचार करताना मला पाडव्याच्या साखरगाठी आठवल्या. नुसती साखर आणि पाणी. बत्ताशांचंही तेच. संक्रांतीच्या काटेरी हलव्यात आत तीळ असतो, त्यामुळे तो वगळला. गाठीसाठी पाक ११५ ते ११८ अंशांपर्यंत न्यायचा, म्हणजे थंड पाण्यात थेंब टाकला तर मऊ गोळी व्हायला हवी. मग घोटायचा. घोटताना साखरेचे बारीक बारीक स्फटिक तयार होतात, पाक दुधाळ दिसायला लागला की दोरा ठेवलेल्या साच्यात ओतायचा. माझ्या आजीचे लाकडी साचे घरी पडून आहेत, पण लाकडाच्या रंध्रांत काय काय मुरलं असेल सांगता येत नाही, म्हणून मी सिलिकोनचे घेतले.

चिक्की याच्या उलट आहे. तिथे स्फटिक नकोत, काच हवी. पाक दीडशे अंशांपर्यंत नेला की त्यात पाणी जेमतेम उरतं आणि रेणूंना रांगेत बसायला वेळ न मिळता ते जिथल्या तिथे गोठतात. म्हणून चिक्की काचेसारखी तुटते. गूळ यासाठी साखरेपेक्षा बरा, कारण त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मुळातच असतात आणि ते सुक्रोजच्या रेणूंना रांग करू देत नाहीत. साखरेची चिक्की करायची तर दोन थेंब लिंबू पिळा, तेही हेच काम करतं. २०० ग्रॅम गुळाला मी दीडशे ग्रॅम डाळं आणि ५० ग्रॅम भोपळ्याच्या बिया घेते, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ. थंड पाण्यात टाकलेला थेंब दाताखाली कडकन् फुटला की डाळं घालायचं. हे मात्र बघा की डाळ्याच्या आणि बियांच्या पाकिटावर काय लिहिलं आहे. फुटाणे आणि खारे दाणे विकणारा माणूस एकच असतो, त्याची चाळणीही एकच. शिवाय शेंगदाण्याच्या ॲलर्जीवाल्या थोड्या जणांना इतर डाळीही सोसत नाहीत, तेव्हा आधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

काजूकतलीला पर्याय शोधताना माझी फजिती झाली. काजूत स्निग्धांश, प्रथिन आणि पिष्ट असं तिन्ही असतं, त्यामुळे पाक त्यात अडकून राहतो आणि रवाळ होत नाही. सूर्यफुलाच्या सोललेल्या बियांत पिष्ट कमी, म्हणून थोडी दूधपावडर घालून बघितली. चव बरी जमली. हलकं व्हावं म्हणून चिमूटभर सोडा घातला आणि दुसऱ्या दिवशी वड्या हिरव्या! या बियांत क्लोरोजेनिक आम्ल असतं, सोड्याच्या सान्निध्यात त्याचं प्रथिनांतल्या अमिनो आम्लांशी जमतं आणि हिरवं रंगद्रव्य होतं. बिघडलेलं काही नाही, खायला चालतं. लेकीने कधी न खाल्लेल्या पिस्त्याची बर्फी म्हणून ती ऐटीत खाल्ली.

भांड्यांचं म्हणाल तर आमच्याकडे दुसरा मिक्सर आला, नवा, ज्याला दाणा कधीच लागला नाही. जुन्याचं पातं आणि वॉशर बदलूनही माझी हिंमत झाली नाही. स्टीलची पातेली, काचेची भांडी घासून निघतात. लाकडी पोळपाट, चरा पडलेलं नॉनस्टिक, पिठाची चाळणी, खलबत्ता यांचा मी भरवसा धरत नाही. हातांसाठी साबण आणि पाणी किंवा ओला वाइप. २००४ च्या एका अमेरिकी अभ्यासात हाताला पीनट बटर लावून वेगवेगळ्या तऱ्हांनी हात स्वच्छ केले, तेव्हा नुसतं पाणी आणि जंतुनाशक जेल यांनी काही हातांवर प्रथिन तसंच राहिलं. जेल जंतू मारतं. प्रथिन पुसत नाही.

याची मला रोजची गरज पडते, कारण घरात आता धाकटाही आहे. आणि त्याला दाणे खायला घालायचे आहेत. इथे १९९८ मध्ये सरकारी सल्ला असा होता की ज्या घरांत ॲलर्जीचा इतिहास आहे तिथे मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये. २००९ मध्ये तो मागे घेतला. लंडनच्या किंग्ज कॉलेजचे गिडियन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी पाहिलं होतं की इस्राएलमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी ब्रिटनमधल्या ज्यू मुलांच्या सुमारे एक दशांश आहे. तिथली बाळं दात यायच्या वयापासून बांबा नावाचे दाण्याचे कुरकुरे खातात. मग त्यांनी तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं घेऊन प्रयोग केला. पाच वर्षांच्या वयात, शेंगदाणा टाळलेल्या मुलांपैकी १७.२ टक्क्यांना ॲलर्जी होती, खाल्लेल्यांपैकी ३.२ टक्क्यांना. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं. त्वचेतून, विशेषतः इसबाच्या फुटलेल्या त्वचेतून प्रथिन आधी शिरलं तर शरीर त्याला शत्रू ठरवतं आणि तोंडातून आधी गेलं तर ओळखीचं मानतं, असा यामागचा तर्क. कूट घरभर आणि बाळाच्या तोंडात मात्र काही नाही, ही आपल्या घरांत सहज होणारी गोष्ट त्यामुळे चांगली नाही. लेकीच्या वेळी आमचं तेच झालं असेल का, याचं उत्तर आता मिळणार नाही. (बाळाला तीव्र इसब असेल किंवा एखादी ॲलर्जी आधीच असेल तर आधी डॉक्टर. अख्खा दाणा पाच वर्षांच्या आत देऊ नये, घशात अडकतो. आणि ज्याला ॲलर्जी झालेलीच आहे त्याच्यावर हा प्रयोग घरी करायचा नाही.)

तर धाकट्याला आठवड्यातून तीन वेळा शेजारची मैत्रीण तिच्या घरी कूट घातलेली पेज भरवते. मग तोंड, हात, मान साबणाने धुऊन, अंगरखा बदलून त्याला घरी आणायचं. एका घरात एकाला दाणा म्हणजे औषध आणि दुसरीला विष.

पेनांबद्दल एवढंच. दोन पेनं कायम बरोबर हवीत, घरी एक आणि दप्तरात एक असं नाही, दोन्ही बरोबर. श्वास, आवाज, सततचा खोकला, जिभेची सूज, चक्कर, गळून जाणं, यांपैकी काहीही दिसलं की आधी पेन, मग ९९९, आणि फोनवर 'ॲनाफिलॅक्सिस' हा शब्द वापरायचा. मूल आडवं ठेवायचं, पाय उंच, श्वासाला त्रास असेल तर टेकून बसवायचं. बरं वाटलं तरी उठून चालू द्यायचं नाही. ॲलर्जीची गोळी किंवा सरबत पेनाची जागा घेत नाही.

या वर्षी आई पुन्हा आली आहे. एकादशीला तिने भगर आणि बटाट्याची भाजी खाल्ली, कूट नको म्हणाली, आणि मी पुन्हा आग्रह केला नाही. सोमवारी लेकीच्या वर्गात दिवाळीचा खाऊ न्यायचा आहे. शाळा नटमुक्त आहे, म्हणून डाळ्याची चिक्की आणि वेलदोडा न घातलेल्या नारळवड्या. डब्याच्या झाकणावर सगळे घटक लिहायचं काम आईने स्वतःकडे घेतलं आहे. इंग्रजीत लिहून झाल्यावर तिने खाली मराठीतही लिहिलं. वर्गात ते वाचणारं दुसरं कुणी नाही असं मी म्हटलं, तर म्हणाली, "असू दे गं. तिला वाचता येतं ना."